पंखाची डावी कड

तिने चिमट्याने बिल्ला उलटा केला आणि भिंग खाली ओढलं. वैमानिकाचा पंख होता तो. चामड्यावर छापलेला, चंदेरी वर्ख जवळजवळ उडालेला, कधीकाळी कुणाच्या जाकिटावर डाव्या छातीवर शिवलेला. उद्या तो संग्रहालयातल्या हवाई दलाच्या दालनात काचेआड जायचा होता. साफसफाई तिच्याकडे होती. पाटीचा मजकूरही तिनेच तपासून पुढे पाठवायचा होता.

पाटीवर लिहिलं होतं, ‘डाव्या कडेला छर्‍यांच्या खुणा’. खुणा होत्याच. दोन बारीक खड्डे, शेजारी शेजारी. पण मागची बाजू कुणी पाहिली नसावी. तिथेही दोन खड्डे होते, बरोबर पुढच्यांच्या पाठीशी.

छर्रे दोन्हीकडून कसे येतील?

तिने हातमोजा काढून पाळणाघरात फोन लावला.

“झोपली का हो?”

“झोपली. मघाशीच विचारलंत की.”

“अंगावर पांघरूण आहे ना?”

“आहे. तुम्हीही घ्या जरा डोक्यावर आणि स्वस्थ बसा.”

ती ओशाळून हसली. फोन ठेवायला पिशवी पुढे ओढली आणि तिचा हात थांबला. पिशवीच्या चामडी पट्ट्याच्या कडेला दोन खड्डे होते. पट्टा उलटा केला, मागेही दोन. लेकीने गेल्या आठवड्यात चघळून चघळून तो पार लगदा केला होता. वाळल्यावर कड अशीच कडक झाली होती.

ती भिंगाखाली पंख आणि पट्टा आलटून पालटून बघत राहिली. पंखाच्या त्या कोपऱ्यात आणखी काही होतं. शिवणीच्या सरळ भोकांच्या आत भोकांची दुसरी, वेडीवाकडी रांग.

दार वाजलं. पंख देणारे काका आले होते. काचेआड जाण्याआधी तो एकदा हातात घेऊन बघायचा होता त्यांना. सोबत त्यांची थोरली बहीण. काकांना पूर्ण टक्कल होतं, तरी बहिणीच्या तोंडी ते ‘छोट्या’च होते.

“छोट्या, सांभाळून. इथं सगळं काचेचं आहे.”

“मी काय रेडा आहे का, ताई?” काका तिच्याकडे वळले. “मॅडम, छर्‍यांचं जरा ठळक अक्षरांत येऊ द्या.”

“ठळक कशाला? बाबांना काय दुकानात मांडायचंय?”

“तू बोलूच नकोस. हिला विचाराल ना, तर ही सांगेल, ‘बाबा मला कडेवर घेऊन धावपट्टी दाखवायचे.’ वर्षाचीसुद्धा नव्हती तेव्हा!”

“आठवतं मला.”

“हो तर. स्वतःचं बारसंही आठवत असेल.”

ताईने फणकाऱ्याने मान फिरवली. ही कुरबूर बरीच जुनी असावी. दोघांनाही पुढचं वाक्य पाठ होतं.

“काका,” तिने विचारलं, “हा पंख घरात कधी लहान बाळाच्या हाती लागला होता?”

“छे! बाबांचं विमान पडलं तेव्हा मी आईच्या पोटात होतो. जाकीट तळावरून आलं ते कुलूपबंद पेटीत. मी शाळेत जायला लागल्यावर आईने ती पहिल्यांदा उघडली. जाकीट कसरीने खाल्लेलं, एवढा पंख तेवढा उरलेला. खुणा तेव्हाच होत्या. मी विचारलं, छर्रे लागले का गं? तर काही न बोलता भांडी घासायला उठली. मी समजायचं ते समजलो.” काकांचा हात नकळत स्वतःच्या डाव्या खिशावर गेला होता. “वर्गात सगळ्यांना सांगायचो. इतर पोरांना बाप होते, मला हे होतं.”

तिने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. काचेआड गेल्यावर मागची बाजू कुणाला दिसणार होती? गप्प राहिलं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. फक्त काकांच्या ताईंचं; कडेवरची त्यांची गोष्ट कुणी खरी मानत नव्हतं. त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“मावशी, तुम्हाला दात कधी आले?”

“अगं बाई, आता पडायची वेळ आली, आणि हे काय विचारतेस?”

ती हसली नाही. पंख आणि पट्टा भिंगाखाली शेजारी ठेवून ती बाजूला झाली.

“हा पट्टा माझ्या मुलीने चावलाय. नऊ महिन्यांची आहे.”

आधी काका वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग ताई.

“म्हणजे छर्रे नाहीत,” काका भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

“नाही वाटत, काका.”

“आणि ही वाकडी भोकं?”

“कोपरा उसवला होता. कुणीतरी घाईघाईने हाताने शिवलाय.”

“तळावर नवा पंख मिळाला असता की.”

“मिळाला असता.”

“बाबांनी मागितला नाही मग.” काकांनी वाकड्या भोकांवरून हवेतच बोट फिरवलं. “शिवण काही जमत नव्हती गड्याला.”

ताई स्टुलावर बसली होती. चष्मा काढून तो हातात नुसताच धरून.

“छोट्या, एक सांगू? मला काही आठवत नाही रे. एवढंसुद्धा नाही.”

“माहितीये.”

“कधीपासून?”

“कायमच.” काकांनी दुसरं स्टूल ओढलं, तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. “तरी सांग. धावपट्टीपासून सांग.”

ताईने चष्मा लावला आणि सांगायला लागली. बाबांनी कडेवर घेतलेलं, वारा सुटलेला, विमानं ओळीने उभी. काकांनी या खेपेला एकदाच मध्ये तोंड घातलं.

“आई होती तिथं?”

“होती की. बाबांच्या शेजारीच.”

“मग मीही होतो.”

ताई थबकली. मग स्टुलावर नीट सावरून बसली आणि तिने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.