कासाबाईचे बत्तीस दात

कासाबाईला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती: बसायला मिळावं. सोनं नको, परभणीत प्लॉट नको, लेकाचा मोठा मोबाइल तर मुळीच नको. नुसतं बसायचं. बहात्तरच्या दुष्काळात तेरा वर्षांची पोर खडी फोडत होती, पुढच्या साली लग्न झालं, आणि तेव्हापासून ती नवऱ्याच्या, भुजंगच्या, मेंढरांमागं चालत होती ती आजतागायत. गुडघे असे झाले होते की उठताना त्यांचा आवाज शेजारच्या घरात जायचा.

भुजंगनं तिला शब्द दिला होता. ज्या दिवशी सरकारची पेन्शन बसेल त्या दिवशी तू घरी बस, मी काही बोलणार नाही. माणूस शब्दाचा पक्का, पण लबाड. सरकार कोणाला लवकर काही देत नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. शिवाय कासाबाईच्या कार्डावर वय पन्नास लिहिलं होतं, आणि थोरला अंगद होता सेहेचाळीसचा. म्हणजे बाई चार वर्षांची असताना तिला पोरगं झालं. हे सगळ्या दुनियेला चालत होतं, बरं का. ती पासष्टीच्या पुढं गेली एवढंच कोणाला पटत नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे घरामागचं मेंढरं कोंडायचं वाडगं. बाभळीच्या काट्यांनी कुडलेल्या त्या वाडग्यात बानू नावाची म्हातारी मेंढी होती. भुजंगचा नियम होता की दात गेलेली मेंढी चालवायची नाही, तिला जागेवर चारा टाकायचा. तो चारा कापायचा कोणी? कासाबाईनं. रोज भारा टाकताना ती बानूकडं बघायची आणि तिला मनापासून हेवा वाटायचा. मेंढीचा हेवा. हसू नका, बावन्न वर्षं चालून बघा.

अशात वरून कागद आला. बायकांच्या पेन्शनचं वय पासष्टवरून अडुसष्ट करावं का, यावर गावानं मत कळवावं. मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. सरपंच राजेश्री खुर्चीवर बसल्या आणि त्यांचे मालक चंद्रभान बोलले, जसं नेहमी होतं तसं. बायका मागं लिंबाखाली, पदर सावरून. पुढं बाप्यांची अशी काही चर्चा रंगली की विचारू नका. एक म्हणाला, बायका लय दिवस जगतात, मग जरा उशिरा म्हाताऱ्या झाल्या तर बिघडलं कुठं. दुसरा म्हणाला, आपल्याकडची बाई चाळिशीतच म्हातारी होते, तिला सवय आहे, सवय मोडू नये. तिसऱ्यानं तर कमालच केली. बायकांचं जेवढं वाढवाल तेवढं बाप्यांचं कमी करा, म्हणजे घराची सरासरी तीच राहील, असं म्हणून तो खाली बसला. त्याला टाळ्या पडल्या.

ग्रामसेवक बुद्धभूषण शहाणा माणूस. त्यानं बिचाऱ्यानं एवढंच म्हटलं की वय वाढवायचं ते पुढं बघू, पण आधी या बायका आहेत किती वर्षांच्या? जन्माची नोंद एकीचीही नाही. आणि मग चंद्रभानच्या डोक्यात उजेड पडला. म्हणाला, आपल्या गावात भुजंग असताना नोंद कशाला पाहिजे?

आता भुजंगचं हे खरं होतं. मेंढीचा ओठ वर करून, दात बघून तो वय सांगायचा आणि महिन्याचाही फरक पडायचा नाही. सोनपेठच्या बाजारात व्यापारी त्याच्यापुढं मेंढ्या धरून रांगेत उभे राहायचे. जन्मात एकदाही चुकला नव्हता. बुद्धभूषण म्हणाला, अहो, त्या मेंढ्या आहेत. चंद्रभान म्हणाला, दात ते दात. ठराव झाला, सूचक झाला, अनुमोदक झाला. भुजंगनं हात धुतले, बॅटरी मागवली, आणि बायकांना रांगेत यायला सांगितलं. आणि बायका आल्या की! काय करतील? ठराव झाला होता ना.

पहिली धुरपताबाई, ऐंशीच्या घरातली. तिला मागच्याच साली परभणीच्या शिबिरात फुकट कवळी मिळाली होती, पांढरीशुभ्र. भुजंगनं बॅटरी मारली, नीट बघितलं आणि सांगितलं, नवे दात, कोवळं तोंड, अजून दोन वेतं सहज होतील. धुरपताबाई अशी लाजली की पदर तोंडात धरायची वेळ आली. तिच्यामागं तिची नातसून चंदा, वय बत्तीस, मिश्रीनं पुढचे पाच दात गेलेले. भुजंगचा चेहरा पडला. म्हणाला, हिला आता चालवू नका, जागेवर चारा टाका. बुद्धभूषणनं कपाळाला हात लावला, पण लिहिलं. चंदा तडक घरी गेली आणि बाजेवर आडवी झाली. त्या संध्याकाळी धुरपताबाईनं तिच्यासाठी भाकरी थापल्या. ठरावापुढं कोणाचं काय चालतं?

मग कासाबाईची पाळी आली. आणि कासाबाईचे दात सगळे होते. जन्मभर बाभळीची काडी आणि शिळी ज्वारीची भाकरी. गुडघे गेले, कंबर गेली, पण दात बत्तीसच्या बत्तीस.

भुजंग तिच्यापुढं उभा राहिला. बावन्न वर्षांत त्यानं बायकोच्या तोंडाकडं एवढं निरखून कधी बघितलं नव्हतं. तिचं वय त्याला ठाऊक होतं, लग्नाला बोहल्यावर तोच तर उभा होता. एकीकडं ते, आणि दुसरीकडं सगळा गाव टक लावून बघत होता, आणि कधीच न चुकणारा हे त्याचं नाव पणाला लागलं होतं. त्यानं खाली बघितलं आणि सांगून टाकलं, "तोंड भरलेलं हाय. अजून सात वर्षं चालंल."

कासाबाईला रडू आलं आणि रागही आला, पण राग आधी पोचला. तिनं नवऱ्याचा हात बाजूला केला आणि सभेकडं तोंड करून बोलली.

"मेंढी बोलत न्हाई, म्हणून तिचं तोंड उघडून बघावं लागतंय. मी बोलते की. मला कुनी इचारलं का?"

लिंबाखालच्या बायकांनी माना वर केल्या. बुद्धभूषणनं पेन खाली ठेवलं. शेवटी चंद्रभान म्हणाला, कागदावर विचारायचा रकानाच नाही. आणि आभार मानून सभा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुजंगनं काठी घेतली, घोंगडं टाकलं आणि हाक मारली. कासाबाई घरात नव्हती. वाडग्यात होती, बानूच्या शेजारी, पाय लांब करून बसलेली. तो म्हणाला, तुझे दात हायत. ती म्हणाली, असू दे. तो तणतणत एकटाच मेंढरं घेऊन निघाला.

पण मेंढरांना त्याचा आवाज कुठं ठाऊक? बावन्न वर्षं हाका तिनं मारल्या होत्या; हा पुढं चालायचा, ऐटीत. कॅनॉलपर्यंत कशीबशी गेली आणि तिथून माघारी वळली. ऊन डोक्यावर यायच्या आत सगळी मेंढरं वाडग्याभोवती येऊन उभी राहिली आणि आत बघायला लागली. मागून भुजंग आला. पाय ओढत होता, श्वास लागला होता, पटका कुठंतरी काट्यात अडकून राहिला होता. असा उघड्या डोक्यानं तिनं त्याला कधी बघितला नव्हता. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

तो वाडग्याची झापडी सारून आत आला, तिच्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं आ केला. पुढचे दात नव्हतेच, मागं दोन-तीन खुंट उरले होते.

"बघ गं जरा," तो म्हणाला. "माजं किती झालं?"

कासाबाईनं त्याच्या तोंडात बघितलं नाही.

"बघायचं कशाला? तुमालाच इचारते. दमलात का?"

भुजंगनं तोंड मिटलं. असं त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही कधी कोणाला विचारलं नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं मान हलवली. मग बानूकडं बघत हळूच म्हणाला, "आन तू?"

"लय," कासाबाई म्हणाली, आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून जरा सरकली.