यादी न वाचता

शाइस्ता अमरावतीतल्या एका खासगी दवाखान्याचे संगणक सांभाळायची. अकोल्याहून नोकरीसाठी आली त्याला सहा वर्षं झाली होती. काम चोख, हात सावध.

त्या मंगळवारी सकाळी मुख्य संगणकावर अपडेट चालू असतानाच लाइट गेली आणि बॅटरीनंही दगा दिला. मशीन परत सुरू झालं तेव्हा आत गोंधळ होता. प्रोग्राम ज्यांवर चालतात त्या भागांची नवी पॅकेजेस बसली होती, पण जुनी निघायची राहिली होती. एकाच नावाची दोन-दोन, अशी एकसष्ट पॅकेजेस. ही दुहेरी साफ केल्याशिवाय पुढचं काहीच हलणार नव्हतं.

त्यासाठी एक आज्ञा होती. ती दिली की जुन्या आवृत्त्यांची यादी समोर येते, आणि हो म्हटलं की सगळ्या निघतात. शाइस्ता एरवी अशी यादी ओळन् ओळ वाचायची. पण बिलाच्या खिडकीवर रांग लागली होती आणि प्रशासक खुशालराव तिसऱ्यांदा येऊन उभे होते. तिनं वरच्या दहाएक ओळी पाहिल्या आणि हो म्हटलं.

मशीन ताळ्यावर आलं. खुशालराव गेले. पाचच मिनिटांत खालून विपुलचा फोन आला. तो रक्तपेढीत तंत्रज्ञ होता.

"ताई, आमचा प्रोग्राम उघडूनच नाई राहिला."

 शाइस्तानं यादी पुन्हा काढली. रक्तपेढीचा प्रोग्राम याच मशीनवर होता, आणि जुना. तो एका लायब्ररीच्या, म्हणजे आधाराच्या पॅकेजच्या, जुन्या आवृत्तीवरच चालायचा. म्हणून शाइस्ताच्या आधी हे काम पाहणाऱ्या माणसानं ती आवृत्ती नवीच्या शेजारी मुद्दाम ठेवली होती. ती दुहेरी चुकून झालेली नव्हती. यादीच्या सदतिसाव्या ओळीत त्या जुन्या आवृत्तीचं नाव होतं.

जुनी आवृत्ती शोधून परत बसवायला पन्नास मिनिटं लागली. त्याच पन्नास मिनिटांत धारणीकडून एक जीप आली. आत जयवंता होती, पहाटे बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं. फ्रिजमध्ये पिशव्या भरलेल्या होत्या, पण कोणती तपासून झाली आणि कोणती नाही, हे फक्त प्रोग्रामला ठाऊक होतं. कागदी रजिस्टर दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. विपुल एकेक पिशवी नव्यानं तपासत बसला. पहिली पिशवी वर जयवंताकडे गेली तेव्हा फार उशीर झाला होता. दुपारी एकच्या सुमारास जयवंता गेली.

डॉक्टर म्हणाले, ती आली तेव्हाच हातची गेल्यासारखी होती, कदाचित वाचली नसती. ते 'कदाचित' शाइस्ताच्या डोक्यातून हलेना. खुशालरावांनी तिला अहवालात विजेचा बिघाड लिहायला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. तिनं ते लिहिलं आणि खाली स्वतःच्या नावानिशी आणखी एक वाक्य घातलं: काढायची यादी मी पूर्ण वाचली नाही.

मग ती खाली गेली. जयवंताची सासू मैनाबाई जिन्याशी बसली होती. शाइस्ता तिच्यासमोर खाली टेकली आणि जमेल तसं सांगू लागली. मशीन, प्रोग्राम, लाइट. मैनाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिनं मधेच विचारलं,

"रगत होतं का नाई तठी?"

"होतं."

"मंग देल्लं काहून नाई?"

"माझ्या हातून चूक झाली, मावशी. ते कोनाचं, कोनतं, हे सांगनारी गोष्ट मीच पुसून टाकली."

मैनाबाई ना ओरडली, ना रडली.

"घरी एक दिसाचं लेकरू हाय," ती म्हणाली. "त्याले मी काय पाजू, ते सांग."

 जीप दाराशी लागली, माणसांनी जयवंताला उचलून आत ठेवलं, आणि मैनाबाई उठून तिच्या पायाशी जाऊन बसली.

अहवाल वर गेला तेव्हा त्यातलं शेवटचं वाक्य नव्हतं. ते कोणी काढलं हे शाइस्तानं विचारलं नाही. तिची नोकरी राहिली. खुशालराव तिच्याशी पूर्वीपेक्षा नरमाईनं बोलू लागले, आणि तेच तिला सोसेना.