नमद्याची पट्टी

"ही बया माझा पाय खाऊनच थांबायची!" कुमुश म्हातारीनं टाचेवरची पट्टी ओरबाडली आणि चुलीत फेकली. पट्टीबरोबर नुकती धरलेली कातडीही निघाली. टाच पुन्हा रक्ताळली.

जिपारानं दात आवळले. साखरेच्या दुखण्यानं सासूच्या टाचेला पडलेली ही जखम. मेंढरं घेऊन कुरणावरून खाली उतरेपर्यंत ती भरली नाही, तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. लग्नाआधी जिपारा शहरात औषधी पट्ट्या करायची. मध, शिलाजीत आणि नदीकाठच्या नारिंगी फळांचं तेल सुती जाळीत मुरवून ती बांधायची. सासू ते फेकून नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, जळकी राख भरायची.

"राख नका भरू, एने." सासूला इथं एने, म्हणजे आई, म्हणायचं. "कुजतंय ते."

"तुझ्या शहरी चिंधीपरीस माझा नमदा बरा! नमद्यावर जन्मले, नमद्यावरच मरंन."

"मरा की! पर पाय संगं घिऊन मरा. अर्ध्या सासूची चाकरी मला न्हाई व्हायची."

सुनेनं सासूला असं बोलायची इथं रीत नाही. नवरा चहाची वाटी तोंडाशी धरून तसाच बसला.

जिपारा रागारागानं बाहेर पडली. पण सुती जाळी वाळून जखमेला चिकटते, हे तिलाही दिसत होतं. मग नमदाच का नको? तिनं कोकराची लोकर उकळून तळहाताएवढा पातळ नमदा केला आणि औषधात भिजवला. तो मेला सगळं औषध स्वतःच पिऊन बसला, घाव कोरडाच.

"ह्याला नमदा म्हंत्यात व्हय? आयनं लोकर दाबाय शिकवलं न्हाई?" म्हातारीनं ओली लोकर हिसकावली आणि शिव्या देत कोपरापासून मनगटापर्यंत जोर लावून रगडली. असा घट्ट नमदा झाला की औषध आत जाईना, वरच थरासारखं राहिलं. जिपारानं औषधात थोडं मेण घातलं. पट्टी चिकटेना, म्हातारी ती फाडेना. नमदाच होता ना तिचा!

तंबू उतरवायच्या दिवशी टाच भरलेली होती. म्हातारीनं बूट चढवले आणि चढावरच्या शेजारणीच्या, बुरुलच्या तंबूकडे तरातरा निघाली. तिचा आवाज खालपर्यंत येत होता.

"सून न्हाई गं, वैरीण हाय! म्या नमदा रगडला म्हून पाय वाचला, न्हाईतर हिनं कापलाच हुता!"

जिपाराला संताप आला आणि हसूही आलं. सासूची काठी दारातच पडली होती. तिनं ती गुडघ्यावर मोडली, चुलीत सारली आणि वर चहाचं आधण ठेवलं.