कोठडीबाहेरचा बाक

मी एक जुना बाक आहे. सागाचा, तीन माणसे सैल बसतील एवढ्या लांबीचा. तुम्ही शाळेत ज्या बाकांवर बसता, त्यांचाच मी भाऊ. पण माझ्या नशिबी शाळा आली नाही. पेठ रोडवरच्या एका सुताराने मला घडवले आणि मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात येऊन पडलो.

मित्रांनो, पोलीस ठाण्यातल्या बाकावर हौसेने कोणी बसत नाही. ज्यांची मोटारसायकल चोरीला गेली ते बसतात, मुलगा घरी आला नाही म्हणून आया बसतात. त्यांची बोटे घासून माझ्या कडा गुळगुळीत झाल्या. गोटीराम हवालदार मला स्वतःच्या हाताने पुसत. "साहेब बदलतात, हा बाक काही हलत नाही," असे ते कौतुकाने म्हणत. ते निवृत्त झाले, लोखंडी खुर्च्या आल्या, आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. समोर कोठडीचे दार. माझ्या अंगावर जप्तीची पोती रचलेली. बरीच वर्षे मला कोणी विचारले नाही.

ती पोती चैतालीने उतरवली. चैताली गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत काम करायची. अटक झालेल्या माणसांशी बोलायचे, ते कोणती नशा करतात, कधीपासून करतात, बाजारात नवे काय आले आहे, हे विचारायचे, असे तिचे काम होते. कोणते विष शहरात पसरते आहे हे आधीच कळले, तर दवाखान्यांना तयारी करता येते. पोलिसांच्या कानावर बोलणे जाणार नाही अशी जागा तिला हवी होती. ती पडवीत मिळाली.

प्रत्येकाला ती आधी सांगायची, "मी तुमचं नाव लिहीत नाही. तुम्ही सांगाल ते इथे कोणालाही कळणार नाही. बोलायचं नसेल तर नका बोलू."

सुरुवातीला माणसे तिच्याकडे संशयाने बघत. मग हळूहळू बोलू लागली. कोणी दारूचे सांगे, कोणी गांज्याचे, कोणी खोकल्याच्या औषधाचे. एक दांडगा माणूस माझी कड घट्ट धरून ढसाढसा रडला. आजवर त्याला हे कोणी विचारलेच नव्हते. मी पुन्हा कामाचा झालो, असे मला वाटू लागले.

हिवाळ्याच्या तोंडावर एक नवी गोष्ट कानावर येऊ लागली. वेष्टन नसलेली, सुटी विकली जाणारी एक पांढरी गोळी. ती कसली आहे, घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

त्याच दिवसांत कुंदनला आणले. ओझरजवळच्या गावचा, भाजीच्या टेम्पोवर काम करणारा. उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढताना सापडला होता. तो चैतालीशेजारी बसला आणि बोलता बोलता त्याची जीभ जड होऊ लागली.

"कुंदन, तू काय घेतलंयस?"

"तीच पांढरी. पोलीस दिसले तवा खिशात होत्या तेवढ्या गिळल्या." तो हसायचा प्रयत्न करत होता. "माझा दोस्त दोन घेऊन झोपला, ताई. उठलाच नाय. घरचे म्हणत्यात, हार्ट अटॅक. मी काय बोललो नाय."

"डॉक्टरांना सांगायला हवं. आत्ता."

"नका सांगू. दुसरी केस लागंल. तुमी शब्द दिला हाय."

कुंदनची मान माझ्या पाठीवर कलंडली, तशी चैताली उठली आणि तिने हाक मारली. उपनिरीक्षक महेश शेवाळे धावत आले.

"याला दवाखान्यात न्या, साहेब."

"काय घेतलंय त्यानं?"

"ते मी डॉक्टरांना सांगेन. तुम्हाला नाही."

"मॅडम, कोठडीत माणूस गेला तर जबाब मला द्यायचाय."

"म्हणूनच म्हणते, आधी गाडी काढा."

शेवाळ्यांनी वाद घातला नाही. गाडी निघाली.

पुढचे मी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी चैताली माझ्यावर बसून सहकारी मैत्रिणीला फोनवर सांगत होती, तेव्हा कळले. दवाखान्यात कुंदनच्या खाटेजवळ शिपाई उभा होता. आरोपीला सोडून बाहेर जाता येत नाही, असे तो म्हणाला. कुंदनचा श्वास मंद होत चालला होता. चैतालीने डॉक्टरांना सगळे सांगितले, अगदी हळू आवाजात. शिपायाने ऐकलेच.

कुंदन वाचला. पण परत आला तेव्हा त्याच्यावर नशेचा दुसरा गुन्हा लागला होता आणि गोळ्या कोणी विकल्या, हे विचारून पोलिसांनी त्याला भंडावून सोडले होते. विकणारा त्याच्याच गावचा निघाला. तो पकडला गेला आणि त्याच्या माणसांनी कुंदनच्या घरावर दगड फेकले. त्याच्या आईच्या कपाळाला लागले.

कोठडीच्या दाराशी त्याने चैतालीकडे पाहिले. "ताई, तुमी म्हणलं होतं कुनाला कळणार नाय." एवढेच बोलून तो आत गेला.

मित्रांनो, कोठडीतल्या गोष्टी भिंतीआड राहत नाहीत. त्यानंतर जो बसे, तो एकच उत्तर देई, "मी काही घेत नाही." बोलणाऱ्याचे हात थरथरत असायचे, घामाने माझी फळी ओली व्हायची, आणि तोंडाने मात्र तो नाही म्हणायचा. चैताली तेच लिहून घ्यायची. दुसरे काय करणार?

एके दिवशी शेवाळे खुशीत आले. "मॅडम, तुमच्या नोंदींत नशेचे आकडे खाली आलेत. वरून कौतुक झालं."

"साहेब, नशा कमी झालेली नाही," चैताली म्हणाली. "लोकांनी बोलणं सोडलंय."

पुढचे आकडेही तसेच वरिष्ठांकडे पाठवले गेले. चैतालीने सोबत लिहून दिले होते की यावर विसंबू नका. ते कोणी वाचले की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून तिने आपले बोलणे बदलले. "तुमचं नाव मी लिहीत नाही. पण तुमच्या जिवाला धोका दिसला, तर मी डॉक्टरांना सांगेन, आणि तिथे पोलीस असले तर त्यांच्याही कानावर जाईल. हे ऐकून मग ठरवा." बहुतेक जण उठून जात.

कुंदनला जामीन मिळाला. ठरल्या दिवशी ठाण्यात हजेरी लावायला तो यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत माझ्या टोकाला बसून राहायचा. चैताली दुसऱ्या टोकाला असायची. दोघे बोलत नसत.

एकदा दोघांच्या मध्ये नुकताच पकडलेला एक रिक्षावाला होता. चैतालीने त्याला आपली नवी अट आधी सांगितली. तो मान हलवून उठू लागला.

"बस," कुंदन जमिनीकडे बघत म्हणाला. "माझा राग हाय यांच्यावर. आईच्या कपाळावर अजून खूण हाय. पण मी बोललो नसतो तर दोस्तासारखाच गेलो असतो. आता या आधीच सांगत्यात, कवा सांगणार आन कवा नाय. बोलायचं तर बोल."

रिक्षावाला अर्धवट उठलेलाच कोठडीच्या दाराकडे बघत होता. मग बसला.

"पांढरीच," तो म्हणाला. "पण आता निळी पण येतीय."

चैतालीने मान वळवून कुंदनकडे पाहिले. तोवर त्याचे नाव पुकारले गेले होते आणि तो हजेरी लावायला आत गेला होता.

मित्रांनो, मी लाकूड आहे. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणे माझ्या बुद्धीच्या पलीकडचे. पण तुमच्या शेजारी उद्या कोणी घाबरलेला माणूस येऊन टेकला आणि "कोणाला सांगू नकोस" म्हणाला, तर घाईने हो म्हणू नका. तुम्हाला जेवढा पाळता येईल, तेवढाच शब्द द्या. आणि त्याचा श्वास मंद होताना दिसला, तर त्याचा राग ओढवून घ्या, पण हाक मारा.