हातमोज्यावर बसेल असं घड्याळ

घड्याळ घ्यायला माणूस हात घेऊन जातो. हा हातमोजा घेऊन गेला.

खरं तर त्यानं नेला नव्हता, बायकोनं पिशवीत कोंबला होता. काळा, रबरी, कोपरापर्यंत येणारा, तीनदा धुऊनही आंबूस वास न गेलेला. तिनं तो काचेच्या काउंटरवर ठेवला तशी दुकानातली मुलगी हळूच अर्धं पाऊल मागे सरकली.

"घाला आता," बायको म्हणाली.

"इथं? लोक बघतायत."

"बघू देत. तेवढीच करमणूक."

त्यानं मोजा चढवला आणि चोरासारखा हात पुढे धरून उभा राहिला.

"हं," ती मुलीला म्हणाली, "आता याच्यावरून बसेल असं दाखव. उजेडावर चालणारं. रोज वापरलं, आपटलं, बुडवलं तरी न मरणारं."

*

हा माणूस मुलामा देतो. नळ, कड्या, दाराच्या मुठी, सायकलींची हँडलं. लोक मळकी वस्तू आणून टाकतात आणि चांदीसारखी चकचकीत घेऊन जातात. आतल्या खोलीत निकेलच्या गरम पाण्याची टाकी, टाकीवर आडवी दांडी, दांडीला तारेनं लटकवलेले नळ आणि पाण्यातून जाणारी वीज. किती वेळ ठेवायचं? वीस मिनिटं. त्याच्या उस्तादानं सांगितलं होतं, वीस म्हणजे वीस, एकोणीस नाही आणि एकवीसही नाही. हे तो इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवत आला होता, की बाजारात त्याचं नावच वीसवाला पडलं.

आणि या वीसवाल्याकडे घड्याळ नव्हतं.

टाकीच्या वाफेनं आतल्या भिंतीवरची चार घड्याळं खाल्ली. मनगटावरच्यांचे पट्टे कुजले. ज्यांचे टिकले, त्यांचं सेल बदलायला म्हणून झाकण उघडलं, की ते पुन्हा पहिल्यासारखं घट्ट बसायचं नाही. वाफ आत शिरायची आणि महिन्याभरात काटे हिरवे. मोबाइल तीन वेळा टाकीत पडला. शेवटी घड्याळ बाहेरच्या खोलीत लागलं, मधल्या भिंतीत काच बसली आणि काचेपलीकडे खुर्ची टाकून बायको बसली. वीस मिनिटं झाली की ती किल्लीनं काच वाजवायची. टक, टक. तो दांडी उचलायचा.

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. त्या खुर्चीत बसूनच तिनं लेकीला वाढवलं, भाज्या निवडल्या, गिऱ्हाइकांशी भांडणं केली आणि मिटवली. काच वाजवायला मात्र कधी विसरली नाही.

मग तिचं पोट दुखायला लागलं. मग तपासण्या झाल्या. मग एका डॉक्टरनं दोघांना समोर बसवून, पेनाचं टोपण उघडझाप करत, सहा ते आठ महिने असा आकडा सांगितला.

परतताना बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. त्याला वाटलं, रडतेय. रडू द्यावं म्हणून तो दुसरीकडे बघत राहिला.

"अहो," ती म्हणाली, "तुमची काच कोण वाजवणार?"

*

तपासणीच्या कागदाच्या मागच्या बाजूला, तिच्या अक्षरात:

झाकण उघडायची वेळ येऊ नये. म्हणजे सेलवालं नको, उजेडावर चालणारं.
चावी द्यायची असलेलं नको. दोन दिवस देतील, मग विसरतील.
चामड्याचा पट्टा नको. धातूचा तर नकोच नको, विजेजवळ काम.
आकडे मोठे. चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त असतो.
पाण्यात पडलं तरी चालावं. पडणारच.
मोज्यावरून बसावं. नाहीतर बघायला मोजा काढतील आणि हात पोळून घेतील.

खाली एक ओळ लिहून खोडलेली होती. ती त्यानं कागद उजेडात धरून वाचली. *कुणाला विचारावं लागू नये.*

*

मुलीनं सात घड्याळं मांडली. त्यानं सातही नापास केली. एक जड आहे. एक इतकं हलकं की खेळण्यातलं वाटतं. याचा काळा रंग डोळ्यात खुपतो. याचे आकडे किरटे. याला बटणं कशाला इतकी, विमान उडवायचंय का?

"काका, तुम्हाला हवंय तरी काय?" मुलगी कंटाळली.

"घाई काय आहे? पुढच्या वर्षी बघू."

बायकोनं काउंटरवरचं एक घड्याळ उचलून उगाच कानाला लावलं.

मुलीला यातलं काय माहीत! ती आपली नव्या दमानं बायकोकडे वळली. "काकू, तुम्हीच ठरवा, यांच्याच्यानं होणार नाही. हे बघा. तबकडीच्या आत उजेड खाणारी चकती आहे. ऊन असलं तर उत्तमच, ट्यूबलाइटवरही भरतं, फक्त सावकाश. आठवड्यातून एकदा खिडकीत ठेवा. वर्षानुवर्षं झाकण उघडायला नको."

"आणि अंधारातच राहिलं तर?"

"पूर्ण भरलेलं असेल तर सहा महिने."

"सहा," बायको म्हणाली. "बघा हो, माझ्याच मापाचं."

काकू हसल्या म्हणून मुलगीही हसली. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बुटाला नाडी नव्हती.

घड्याळ काळं होतं, चिवट प्लॅस्टिकचं, आकडे लांबूनही वाचता येतील असे. पट्टा मोज्यावरून कसाबसा शेवटच्या भोकात बसला.

"अजून एक भोक पाडून दे," बायको म्हणाली. "थंडीत मोज्याच्या आत स्वेटरची बाही असते."

त्यानं मनगट इकडून तिकडून फिरवून पाहिलं. खोट काढायला जागा नव्हती. घड्याळ चांगलं होतं आणि तेच त्याला सहन होईना.

*

सोमवारी नळवाल्याचे चाळीस नळ होते. नळवाला म्हणजे जुनं गिऱ्हाईक, तोंडानं तिखट, मनानं बरा.

"आज मी नुसती बसणार," बायको म्हणाली. "काच वाजवणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

त्यानं बघितलं. वीस मिनिटांवर एक सेकंद न जाऊ देता दांडी उचलली. नळ धुतले, ट्यूबखाली धरले. मानेपाशी पितळ पिवळं डोकावत होतं. त्यानं तारा तपासल्या, पाणी ढवळलं, दुसरा घाणा लावला. वीस मिनिटं. पुन्हा तेच, आजारी माणसाच्या नखांसारखी फिकट चमक.

तेवढ्यात नळवाला आला. एक नळ उचलून म्हणाला, "वीसवाले, मुलामा दिलाय की नुसता लांबून दाखवलाय?"

"वीज कमी येतेय."

"वीज कमी येतेय, का घड्याळ नवं आणि हात म्हातारा? राहू द्या, गुरुवारी येतो. वहिनी, जरा लक्ष ठेवा यांच्यावर."

तो गेल्यावर वीसवाल्यानं बाहेर येऊन मनगट भिंतीवरच्या घड्याळाशेजारी धरलं. दोन्ही सेकंदासेकंदाला बरोबर चालत होती. त्यानं वळून पाहिलं. बायको स्वतःच्या पावलांकडे बघत होती.

"घड्याळ बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग पाणी बिघडलंय."

"पाणीही बरोबर आहे. अहो, बसा जरा."

तो बसला नाही.

"मी वीसला कधी वाजवलंच नाही."

आत टाकीवरचा पंखा घरघरत होता. ती थांबून थांबून बोलत होती, हल्ली तिला एका दमात बोलवत नसे. "पहिल्या वर्षी कड्यांचा सगळा माल परत आला होता, आठवतं? दोन दिवस तुम्ही जेवला नव्हतात. ते वीस उस्तादांच्या टाकीचं होतं. आपली टाकी मोठी, वीज बेताची. मी सांगून पाहिलं. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय यातलं. मग मी सांगणं सोडलं आणि उशिरा वाजवायला लागले."

"किती उशिरा?"

"कधी तेवीसला. कधी पंचवीसला. थंडीत सव्वीस, सत्तावीस."

"आणि मी गावभर बोंबलत फिरलो, वीस म्हणजे वीस!"

"मला बरं वाटायचं ऐकायला. छाती कशी पुढे यायची तुमची."

"घड्याळ घेताना तरी आठवायचं होतंस."

"नाही हो आठवलं." तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "काय काय लागेल ते सगळं आठवून आठवून लिहिलं, नेमकं हेच राहिलं. इतकी सवय झाली होती की मलाच ते वीस वाटायचे."

त्याला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा ते कळेना. समोर ती पाठीशी उशी घेऊन बसलेली, गालांची हाडं वर आलेली. तो आत गेला, कागद-पेन्सिल घेऊन आला आणि तिच्यासमोर उपड्या बादलीवर बसला.

"सांग. केव्हा किती?"

"बुडबुडे बारीक झाले की… म्हणजे तसं नाही. पाण्याचा आवाज… आवाज तर मला इकडे येतच नाही." ती कपाळाला हात लावून विचार करत राहिली. "तुम्ही खांद्यावरून मागं बघायला लागलात, की अजून थोडा वेळ. नाही जमत हो सांगायला. बसल्यावर कळायचं, एवढंच."

कागदावर एकही आकडा पडला नाही.

*

मग असं ठरलं, की तिनं काच वाजवायची आणि त्यानं मनगट बघून वेळ टिपून ठेवायची. लेक फोनवर रोज ओरडायची, आईला झोपून राहू द्या, तिला काय कामाला जुंपलंय! पण झोपून राहिलेली ती त्यानं एका रविवारी पाहिली होती. भिंतीकडे तोंड, केस न विंचरलेले, हाकेला ओ नाही. सोमवारी सकाळी "टाकी थांबलीय" म्हटल्यावर ती उठली, तोंड धुतलं, वेणी घातली. त्यानंतर त्यानं लेकीचं ऐकणं बंद केलं.

आतल्या भिंतीवर, खडूनं:

नळ, ऊन – २३
नळ, ढगाळ – २४
मुठी, नवं पाणी – २१
मुठी, थंडी – २६
हँडल, थंडी – २६
हँडल, तिला ताप – ३४, कडा करपल्या, काही बोललो नाही
नळ – २४
ती आली नाही
ती आली नाही
नळ – २५, एकदाच वाजवलं, दुसऱ्यांदा हात उचलला नाही

*

एका दुपारी ती खुर्चीत झोपली. नळ टाकीत होते. त्यानं खांद्यावरून मागं पाहिलं. मान कलली होती, ओठ किंचित उघडे, छाती वरखाली होत होती. आधी त्यानं तेवढंच तपासलं.

काच त्याला या बाजूनंही वाजवता आली असती. त्यानं वाजवली नाही. तो टाकीकडे वळला. मनगट बघायचं सुचलं नाही, भिंतीवरचे आकडेही नाहीत. तो पाण्याकडे बघत उभा राहिला आणि कधीतरी, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्यानं दांडी उचलली.

नळ धुऊन ट्यूबखाली धरला. असा मुलामा त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. मानेपाशी, आट्यांत, तोटीच्या आतल्या कडेलाही सारखा. बारीकशा नळात आख्खी खोली वाकून बसली होती. पहिल्यांदा त्याला एवढा आनंद झाला, की तो तसाच ओल्या हातानं काचेकडे धावला.

आणि काचेपाशी पोचेपर्यंत त्याला कळलं. हा माल बरोबर आहे. म्हणजे उद्या तिनं यायची गरज नाही. उद्या उठायचीही नाही.

तो मागे फिरला. नळ दांडीवरून एकेक काढले, कोपऱ्यातल्या पोत्याखाली सरकवले आणि वर रिकामं खोकं ठेवलं.

"अहो!" बाहेरून हाक आली. "डोळा लागला वाटतं माझा. वाजवायचं राहिलं का?"

"राहिलं."

"मग?"

"मग काय, गेला माल. पातळ झाला."

"दाखवा बघू."

फळीवर आधीच्या नापास नळांतले दोन-चार पडून होते. त्यातला एक त्यानं उचलून तिला नेऊन दिला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, कारण एका हातात तिला तो पेलत नव्हता. मानेपाशी पिवळं पितळ होतं. त्यावरून तिनं अंगठा फिरवला. टाकीतून आत्ता निघालेला नळ ओला असतो, कोमट असतो. हा कोरडा ठणठणीत होता. तिच्या अंगठ्याला धूळ लागली.

तिनं धूळ रुमालाला पुसली. मग बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मोज्यांवरून थेंब टपकत होते.

"पातळच आहे," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय."

"तुम्हाला अजून जमत नाही."

"नाही जमत."

"उद्या किती वाजता लावायचा घाणा?"

"दहाला."

"नऊला लावू," ती म्हणाली. नळ घ्यायला त्यानं हात पुढे केला होता, पण तिनं तो दिला नाही, मांडीवर ठेवून घेतला.