तिसरी ताटली

"अकरा पिल्लं मेली असं लिहून टाक," माझ्या मार्गदर्शक निकिता मॅडम म्हणाल्या. "एवढ्या लहान माशांत मरतातच. कोणी विचारणार नाही."

मेली नव्हती. समोरच्या काचेच्या ताटलीत वळवळत होती. आम्ही लोहाऱ्याकडचे धनगर. जितं जनावर मेलं म्हणून सांगायचं, हे आमच्या घरात आजवर कोणी केलेलं नाही.

मी समृद्धी. धाराशिवच्या एका कॉलेजात माशांच्या डोळ्यांवर पीएच.डी. करते. गावात अजून हसतात. हसू देत. माशाचा डोळा जन्मभर वाढत राहतो, हे त्यांना कुठे माहीत आहे? डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या काठावर मूळपेशींचं एक कडं असतं. त्या पेशी विभागत राहतात आणि त्यांच्यापासून झालेल्या नव्या पेशी पाहण्याच्या कामाला लागतात. काठावर थांबायचं की कामाला लागायचं, हे पेशी एकटी ठरवत नाही, आजूबाजूच्या पेशी तिला संदेश पाठवतात. त्यातल्या एकाचं नाव विंट. तो औषधानं अडवला तर काठावर काय होतं, एवढाच माझा प्रश्न.

साठ पिल्लं घेतली होती. तीस साध्या पाण्यात, तीस औषधाच्या. पाच दिवस हात लावायचा नव्हता. दुसऱ्याच दिवशी औषधातली अकरा मलूल दिसली आणि मी ती काढून तिसऱ्या ताटलीत, साध्या पाण्यात ठेवली. विचारसुद्धा केला नाही. मेंढरं वाड्यावर आली की माझी आई आधी अशक्त कोकरं निवडते आणि वेगळ्या जाळीत ठेवते. चालायला लागल्यापासून मीही तेच करत आले. हात आपसूक गेला.

पाचव्या दिवशी मोजायला बसले तेव्हा कळलं, प्रयोगाची पार वाट लागली होती. औषधात तगडीच तेवढी उरली, मग निकाल औषधाचा म्हणायचा की त्यांच्या तगडेपणाचा? दोन दिवसांनी पीएच.डी.चं काम तपासणारी समिती येणार होती. मागच्या खेपेला त्यांनी माझं काम असमाधानकारक ठरवलं होतं. पुन्हा तसं झालं की नोंदणी रद्द, आणि मी घरी.

मॅडम वाईट नाहीत. मला वाचवायलाच बघत होत्या. म्हणूनच जास्त राग आला.

आईला फोन लावला. तिला विंट कळत नाही, पण चूक कळते.

"माय, म्या घाण केली. कमजोर पिल्लं बाजूला काढली."

"मेली का मग?"

"न्हाय. जगलीत."

"बघितलंस का त्यास्नी? बाजूला काढलेल्यावर तर लई ध्यान ठिवावं लागतं. काढलीस अन् तशीच सोडलीस व्हय?"

सोडलीच होती. लाज वाटली. फोन ठेवला आणि एकेक पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. आमच्या या माशांत विभागणाऱ्या पेशी हिरव्या चमकतात. औषधातल्या एकोणीस पिल्लांचा काठ जवळजवळ काळा होता. तिसऱ्या ताटलीतल्या अकरांच्या काठावर हिरवं परतलं होतं. साध्या पाण्यातल्यांइतकं नाही, पण होतं. औषध निघालं, संदेश पोचायला लागला आणि पेशी पुन्हा विभागू लागल्या. मूळपेशी संपल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. निदान तसं दिसत तरी होतं.

समितीपुढे मी तिन्ही ताटल्या ठेवल्या.

"ही तिसरी कसली?" अध्यक्ष योगीराज सरांनी विचारलं.

मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं, कोकरांच्या जाळीसकट. शेजारचे एक सर हसले.

"ही प्रयोगशाळा आहे," योगीराज सर म्हणाले. "मेंढवाडा नाही."

राग आला की माझी बोली सुटते. "व्हय सर. मेंढवाड्यात समदी जित्राबं मोजत्यात. हितं अकरा मेली म्हणून लिहिलं असतं, तर तुमी विचारलंबी नसतं."

मग मी सावरून सांगितलं की हा प्रयोग बाद आहे. नव्यानं करणार, तीन ताटल्या आधी ठरवून, आणि कोणतं पिल्लू कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून. "पण आधी यांना बघा."

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. दुसरं पिल्लू मागितलं, मग तिसरं.

"करा पुन्हा," शेवटी ते म्हणाले. "मी समाधानकारक म्हणून सही देतो. अहवालात फक्त एवढं लिहा, अकरा पिल्लं अनवधानानं बाजूला काढली गेली."

सही हातातोंडाशी आली होती. एका शब्दाचा प्रश्न होता, आणि मॅडम डोळ्यांनी लिही, लिही म्हणत होत्या.

"चुकीनं म्हणा, सर. ती चूकच आहे. पण अनवधानानं न्हाय. एकेक बघून काढलीत म्या."

मी लिहिलं, 'मलूल दिसली म्हणून मी बाजूला काढली,' आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी तो दोनदा वाचला. मग पेन मागितलं. मी माझं दिलं.