मध लावलेली पापडी

साच्यातून निघालेल्या त्या बाईला चेहराच नव्हता — घोळदार झगा नीट उमटला होता, झग्यावरची फुलं, हातातला पंखासुद्धा. पण गळ्याच्या वर नुसता तपकिरी सपाट गोळा. कणीक दाबताना अंगठ्याचा जोर तिथं कमी पडला असणार, बोग्नाला वाटलं. भट्टीतून नुकतंच आलेलं ते बिस्कीट तळहाताला चटका देत होतं आणि त्याचा वास… मध, लवंग, आलं… नाकातून थेट घशात उतरत होता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, जसा काही वासानंही नेम मोडला असता.

"खा की गं!" मिरेलाच्या तोंडात दुसरं बिस्कीट होतं. "सहलीला तोरुनला येऊन हे खायचं नाही, तर आलीस कशाला? नदीवरचे पूल मोजायला?"

"नंतर खाईन."

"तिचा उपास आहे," तादेक मागून म्हणाला. "संत बोग्ना! थांबा, पुढच्या वर्षी चौकात हिचा पुतळा बसवतील, मग आपण तिकीट काढून बघायला येऊ."

सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. असतं तर निदान रागावता तरी आलं असतं. तिनं बिस्कीट कागदात गुंडाळलं, खिशात ठेवलं, आणि त्याच हातानं फोन चाचपला. फोन गप्प होता.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वर्गातल्या बऱ्याच जणींनी नेम धरले होते — कुणी मोबाइलवरचे खेळ सोडले, कुणी खोटं बोलणं — आणि आठवड्याभरात हसत हसत मोडलेही. बोग्नानं गोड सोडलं होतं, नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. पण तिच्या नेमाला आतून एक अस्तर होतं, ते तिनं कुणाला दाखवलं नव्हतं. आई पोलंड सोडून जर्मनीत, एका म्हाताऱ्या बाईंच्या सेवेला. नाताळात माझ्या जागी बदली बाई मिळाली तर येईन, म्हातारीचा मुलगा शुक्रवारी सांगणार आहे, कळवते… आणि आज शुक्रवार. मी गोड सोडते, तू आईला पाठव. एवढंच. रोज झोपण्यापूर्वी, गुडघे टेकून, एवढंच. ती जिच्याकडं राहायची त्या मावशीनं ते कधीतरी ऐकलं असावं. स्वेटरची बटणं लावून देताना ती सहज म्हणाली होती, "देवाला नेम आवडतो गं बाळा. पण त्याच्याशी सौदा करू नये. तो काय बाजारात बसलाय?" सौदा? मी कुठं सौदा करते? मी फक्त…

रस्त्यावर दोघा-दोघांच्या जोड्या लागल्या. वर्गाची संख्या विषम, त्यामुळे बोग्ना वर्गशिक्षिका व्रोना बाईंच्या शेजारी. हेही आता कुणाला ठरवावं लागत नसे. विटांच्या उंच भिंती, खोबणींत अडकलेला बर्फ, खाली विस्वा नदी काळी आणि जाड, कडेनं गोठत आलेली. व्रोना बाई कुठल्याशा राजाबद्दल बोलत होत्या. पुढं मिरेला आणि तिची मैत्रीण एकाच मफलरमध्ये दोघींच्या माना गुंडाळून, एकमेकींना ओढत, किंचाळत चालल्या होत्या.

"बोग्ना, टोपी घाल गं. कान बघ कसे लाल झालेत."

तिनं घातली. फोनवर आईही पहिल्यांदा हेच विचारते, टोपी घालतेस ना — आणि आपण म्हणतो हो, घालते. मग मागून म्हातारीचा खोकला ऐकू येतो. "आले हं, आले," आई त्या परक्या भाषेत म्हणते… केवढ्या मऊ आवाजात. तो आवाज आपला होता. खोकला ऐकला की बोग्नाला त्या न पाहिलेल्या म्हातारीचा राग येई, आणि मग त्या रागाबद्दल शनिवारी चर्चमध्ये पाप कबूल करावं लागे.

साडेतीनलाच अंधारलं. वसतिगृहाच्या जेवणघरात बाईंनी मुलांकडून टेबलं जोडून घेतली, पांढरी चादर अंथरली, चादरीखाली येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून मूठभर वाळलेलं गवत. शाळेला सुट्टी लागण्याआधीची वर्गाची नाताळ-संध्याकाळ या वेळी सहलीतच करायची होती. प्रत्येकाच्या हातात एक-एक ओप्वातेक — कागदासारखी पातळ, पांढरी पापडी. एकमेकांकडं जायचं, समोरच्याच्या पापडीचा तुकडा मोडून घ्यायचा, आपला द्यायचा, शुभेच्छा द्यायच्या, खायचं. गलका झाला.

"चांगले गुण पडोत हं तुला." मिरेला कोपरा मोडून पुढं गेलीसुद्धा.

"पुतळा लवकर उभा राहो," तादेक म्हणाला, मग जरासा ओशाळून, "म्हणजे… तब्येत चांगली राहो."

हळूहळू गलका टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकला. बोग्ना खिडकीपाशी, हातात जवळजवळ अख्खी पापडी. काच थंड होती. फोन गप्प होता.

"मी राहिलेय."

ब्रोन्या. डोंगराकडच्या गावातून या वर्षीच शाळेत आलेली, मागच्या बाकावर बसणारी, बोलली की सगळे तिच्या बोलण्याची नक्कल करत म्हणून फारसं न बोलणारी. तिनं पापडी पुढं धरली. बोग्नानं तुकडा मोडला.

"तुला काय हवंय ते मला ठाऊक नाही," ब्रोन्या तिच्याकडं न बघता म्हणाली. "पण सारखी फोन बघतेस. तर… जिची वाट बघतेस ना, तिला तिथं कुणीतरी सोबत असो."

बोग्नानं तुकडा जिभेवर ठेवला — आणि तो गोड होता. दाट, फुलांच्या वासाचा मध, टाळूला चिकटलेला.

"आमच्याकडं मध लावतात," ब्रोन्या घाईनं म्हणाली. "आजीनं बरणी दिलीय. तुमच्याकडं नाही लावत? नाही आवडलं का?"

थुंकावं… पण ओप्वातेक कुणी थुंकतं का? गेला. एवढे दिवस सांभाळलेला नेम, शेवटी शेवटी… आणि नेमकं आजच. आता आई येणार नाही, ही भीती येईल म्हणून ती थांबली. भीती आलीही, पण तिच्या मागोमाग दुसरंच काही आलं. एक स्वयंपाकघर. आपण कधी न पाहिलेलं. टेबलाशी म्हातारी, तिच्या हनुवटीवरून लापशी पुसणारी आई, आणि बशीत मावशीनं पोस्टानं पाठवलेली पापडी, अख्खी. ती आई कुणाबरोबर मोडणार? तिला पाठव, तिला पाठव, मला दे… रोज गुडघे टेकून मी हेच म्हणत आले. त्या संध्याकाळी ती कुठं बसेल, तिला टोपी घाल म्हणून कोण सांगेल, हे एकदाही मनात आलं नाही. एकदाही नाही.

"आवडलं," ती म्हणाली. मग आठवण होऊन तिनं आपली पापडी पुढं केली. ब्रोन्यानं अगदी छोटा तुकडा मोडला. "तुलाही," बोग्ना म्हणाली, "तुलाही सोबत असो." हे शब्द तिचे नव्हते, पण दुसरे तिच्याकडं नव्हते.

खिशात, चेहरा नसलेल्या त्या बाईच्या शेजारी, फोन थरथरला.

"तुझा वाजतोय."

"हो."

आईचं उत्तर हो असेल, किंवा नाही. तिनं हात खिशाकडं नेला, आणि तो तिथंच, खिशावर, राहिला. थरथर थांबली. पलीकडं कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. दाढेशी मधाचा एक कण अजून विरघळत होता, आणि गिळायची घाई तिनं केली नाही.